तीनदा वाचून पण पेपरात डोकं कोरं, नक्की चुकतंय कुठे?

निळं_हायलायटर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय तर सांभाळून घ्या. दुसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा आजपासून बरोब्बर ३८ दिवसांवर आलीये, पाच पेपर आहेत आणि त्यातले दोन डोक्यावर बसलेत, फिजिऑलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स.

आता अभ्यास करत नाही असं अजिबात नाहीये हो. रोज सहा-सात तास टेबलावरून उठत नाही, प्रत्येक चॅप्टर तीनदा वाचते, हायलायटर मारते, आता पानं इतकी निळी झालीत की न रंगवलेली ओळच जास्त उठून दिसते. वाचताना सगळं कळतं, एकदम सोप्पं वाटतं. पण परवा क्लास टेस्टमध्ये नेफ्रॉनवर (मूत्रपिंडातली रक्त गाळणारी बारीक नळी) प्रश्न आला आणि मला ते पान डोळ्यासमोर दिसत होतं, डावीकडचं पान, खाली आकृती, कोपरा दुमडलेला, सगळं दिसत होतं फक्त त्यावर काय लिहिलंय तेवढं सोडून. १० मार्कांच्या प्रश्नाला चार ओळी लिहून आले.

मैत्रीण म्हणते तू व्हिज्युअल लर्नर आहेस, तू पुस्तकं सोड आणि व्हिडिओ बघ. दुसरी म्हणते स्मरणशक्तीच्या गोळ्या घे. माझी स्मरणशक्ती खरंच कमी आहे का की पद्धत चुकतेय? आणि ३८ दिवसात काही होऊ शकतं का, खरं खरं सांगा, नुसता धीर देऊ नका.

---

पुस्तक_मिटा

गोळ्या नको आणि घाबरू पण नको. स्मरणशक्ती कमी असती तर कोपरा दुमडलेला पण लक्षात राहिला नसता ना!

तुझ्या पोस्टमध्येच उत्तर आहे बघ, "वाचताना सगळं कळतं". अगं समोर लिहिलेलं असताना कळणारच की. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून दहा वेळा गेलेला रस्ता असतो, आपल्याला वाटतं पाठ आहे, आणि एकट्याने जायची वेळ आली की दुसऱ्याच वळणावर थांबून विचारत बसतो. तू नेफ्रॉनच्या रस्त्यावर तीनदा मागे बसून गेलीस, हँडल एकदाही हातात घेतलं नाहीस. आणि तिसऱ्यांदा वाचताना जे सोप्पं वाटतं ना, तेच फसवं असतं, डोळे सराईत झालेले असतात, आपल्याला वाटतं अभ्यास झाला.

मी दोन वर्ष हेच केलंय म्हणून सांगतोय. एका पेपरला नापास झाल्यावर अक्कल आली आणि मग जरा शोधाशोध केली. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता, तो मला फार आवडतो कारण त्यात आपली चोरी पकडली जाते. एक उतारा वाचायला दिला, मग अर्ध्या वेळा तोच परत वाचायला लावला आणि अर्ध्या वेळा उतारा काढून घेऊन आठवेल तेवढं लिहायला लावलं. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. म्हणजे आपल्याला जे वाटतं तेच खरं निघालं. पण आठवड्याने टेस्ट घेतली तेव्हा परत वाचलेलं ४२ टक्क्यांवर आलं आणि आठवून लिहिलेलं ५६ वर राहिलं. आता तुझी परीक्षा पाच मिनिटांनी आहे का ३८ दिवसांनी ते तूच ठरव.

करायचं काय ते अगदी साधं आहे. एक सेक्शन एकदा नीट वाच, हायलायटर दुसऱ्या खोलीत ठेवून. पुस्तक मीट. कोरा कागद घे आणि आठवेल ते सगळं लिही, आकृती वाकडी तिकडी आली तरी चालेल, क्रम चुकला तरी चालेल. अडकलीस की लगेच पुस्तक उघडू नकोस, दोन-तीन मिनिटं डोकं खाजव, ती खाज महत्त्वाची आहे. मग पुस्तक उघडून लाल पेनाने राहिलेलं भर. तो लाल भाग म्हणजे तुझा उद्याचा अभ्यास, बाकीचं परत वाचायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

व्हिज्युअल लर्नर वगैरेच्या फार मागे लागू नको. माणसाचा प्रकार ओळखून तसं शिकवलं की जास्त लक्षात राहतं याला नीट पुरावा काही सापडलेला नाही. व्हिडिओ बघ की, पण तो संपला की कागद घ्यायचाच. नाहीतर तो पण गाडीवर मागे बसून बघितलेला रस्ताच.

---

उद्यापासून_नक्की

माझं पण डिट्टो सेम आहे फक्त हायलायटर पिवळा. पुस्तक_मिटा भाऊ, ते २५ मिनिटं अभ्यास आणि ५ मिनिटं ब्रेक वालं कसं आहे? मी अ‍ॅप टाकलंय पण ५ मिनिटांचा ब्रेक कधी पाऊण तासाचा होतो कळतच नाही

---

पुस्तक_मिटा

पोमोडोरो. ते चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने स्वतः कॉलेजात असताना काढलेलं, १९८० च्या दशकाच्या शेवटी, टोमॅटोच्या आकाराचं किचन टायमर वापरून, म्हणून ते नाव. बसायला कंटाळा येत असेल तर भारी आहे, "फक्त २५ मिनिटं" म्हटलं की माणूस बसतो तरी. पण त्याने बसणं सुधारतं, बसून काय करतोस ते नाही सुधारत. २५ मिनिटं हायलायटर मारला तर २५ मिनिटांचा हायलायटरच झाला. आणि तुझ्या ब्रेकचा प्रॉब्लेम मोबाईल आहे, ब्रेकमध्ये उठून चाल, पाणी पी, खिडकीतून बघ, मोबाईल हातात घेतलास की गेलास.

---

निळं_हायलायटर

आत्ताच करून बघितलं. नेफ्रॉनची चार पानं वाचली, पुस्तक मिटलं आणि कागदावर सहा ओळी आल्या. सहा!! आणि त्यातली एक चुकीची. मला रडायला येतंय खरं सांगू तर. इतके महिने मी काय करत होते मग

---

आकडेमोड

रडू नको ताई, सहा ओळी खूप झाल्या, माझ्या पहिल्या दिवशी चॅप्टरचं नाव आणि तारीख आलेली कागदावर 😄

मी स्टॅटिस्टिक्सबद्दल लिहितो कारण वरचा सल्ला गणिताला जसाच्या तसा लावलास तर फसशील. स्टॅट्समध्ये बहुतेकांना सूत्र येतं, कॅल्क्युलेशन येतं, पेपरात अडकतं ते कुठे, तर "इथे कुठली टेस्ट लावायची" इथे. टी टेस्ट (दोन गटांच्या सरासरीची तुलना) का पेअर्ड टी (त्याच माणसांची आधी-नंतरची तुलना) का काय-स्क्वेअर (कुठल्या प्रकारात किती जण, अशा मोजणीसाठी). आणि हे का अडकतं माहितीये का, कारण आपण सराव कसा करतो, टी टेस्टच्या धड्याखालची वीस गणितं, सगळी टी टेस्टचीच! तिथे निवडायचा प्रश्नच येत नाही, धड्याच्या नावानेच उत्तर फोडलेलं असतं. मग पेपरात धड्याचं नाव नसतं आणि आपण बसतो पेन चावत.

तर गणितं मिसळ. चार धड्यांतली गणितं चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात टाक आणि काढशील ते सोडव. मी तर कधी कधी सोडवत पण नाही, नुसतं वाचतो आणि "एकाच माणसाचं औषधाच्या आधी आणि नंतरचं बीपी, म्हणजे पेअर्ड" इतकंच लिहून पुढे जातो. अर्ध्या तासात तीस गणितं होतात अशी, आणि नेमका निवडण्याचा सराव होतो.

पण एक आधीच सांगून ठेवतो, मिसळलं की सुरुवातीला जाम चुका होतात आणि वाटतं आपण मागे चाललोय. २००७ मध्ये रोहरर आणि टेलर यांनी कॉलेजच्या पोरांना वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं, एका गटाला एकेका प्रकाराची गणितं सलग दिली, दुसऱ्याला सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर आणि मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने टेस्ट घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर आणि मिसळवाले ६३ वर. उलटंच झालं सगळं! म्हणून सरावात चुकलं तर चुकू दे, तिथे कोण मार्क मोजतंय. अर्थात धडा पहिल्यांदाच शिकत असशील तर आधी त्याची पाच-सहा गणितं सलग कर, पद्धत हातात बसू दे, मग टाक डब्यात.

---

डबा_नंबर_पाच

३८ दिवस म्हणजे खूप दिवस आहेत, पण एक चॅप्टर एकदा करून बाजूला ठेवला आणि परत थेट आदल्या रात्री उघडला असं करू नकोस. अंतर ठेवून परत परत ये.

एबिंगहाउस नावाचा जर्मन माणूस होता, त्याने स्वतःलाच उंदीर बनवलं, निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायचा आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचा, १८८५ ला छापलं. २० मिनिटांनी तीच यादी पुन्हा पाठ करायला गेला तर आधीच्या मेहनतीतली ५८ टक्के वाचायची, एका दिवसाने ३४ टक्के, ३१ दिवसांनी २१. म्हणजे जे काही गळायचं ते बहुतेक पहिल्याच दिवसात गळतं, नंतर हळूहळू. अर्थ असलेली गोष्ट त्या अक्षरांपेक्षा जास्त टिकते हे बरं, पण वळण साधारण तसंच.

मी काय करतो, पाच डब्यांची पद्धत. लाइटनर नावाच्या माणसाची आहे, १९७० च्या दशकातली, कार्डावर पुढे प्रश्न मागे उत्तर. नवीन कार्ड पहिल्या डब्यात. बरोबर आलं की पुढच्या डब्यात, चुकलं की कितव्याही डब्यात असो, परत पहिल्यात. पहिला डबा रोज, दुसरा दोन दिवसाआड, तिसरा आठवड्यातून एकदा असं. गंमत अशी की जे येतं ते आपोआप मागे पडतं आणि जे छळतं ते रोज समोर येतं. अँकी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर पण हेच काम करतं, कुठलं कार्ड कधी दाखवायचं ते तेच ठरवतं.

फक्त दोन धोके. एक म्हणजे कार्डं बनवण्यातच आठवडा घालवू नकोस, रंगीत पेनं, छान अक्षर, ते सगळं हायलायटरचंच दुसरं रूप आहे, मी पहिल्या वर्षी ४०० कार्डं बनवली आणि वापरली साठ. दुसरं म्हणजे उत्तर मनात "हां हां येतं" म्हणून कार्ड उलटू नकोस, तोंडाने पूर्ण बोल मगच उलट.

आणि अंतर किती ठेवायचं विचारशील तर परीक्षा किती लांब आहे त्यावर आहे ते. सेपेडा वगैरे मंडळींनी २००८ मध्ये तेराशेहून जास्त लोकांवर तपासलं, दुसऱ्या उजळणीनंतर आठवड्याने टेस्ट असेल तर दोन उजळण्यांमध्ये एका दिवसाचं अंतर चांगलं ठरलं, ३५ दिवसांनी असेल तर ११ दिवसांचं. तुला दिवस मोजत बसायची गरज नाही, पहिली उजळणी एक-दोन दिवसांनी, पुढची आठवड्याने, मग दहा-बारा दिवसांनी, एवढं पुरे आहे.

---

उद्यापासून_नक्की

हे सगळं वाचून दमलो. यापेक्षा आदल्या रात्री जागून करणं सोपं नाही का, माझे काही मित्र तसेच पास होतात

---

लाल_पेनवाली

होतात की पास. पण पंधरा दिवसांनी विचार त्यांना काय आठवतंय, आणि पुढच्या वर्षीचा पेपर याच्यावरच उभा असतो, तेव्हा शून्यापासून परत. शिवाय झोप मोडून केलेलं नीट बसतही नाही, दिवसभर जे शिकलो ते पक्कं व्हायचं काम बरंचसं झोपेतच होतं. ज्या तीन तासात तुम्ही शेवटचे दोन चॅप्टर कोंबता त्याच तीन तासात आधीचे आठ पक्के व्हायचे असतात. झोपा बाबा.

मी बरीच वर्ष शिकवलंय आणि पेपर तपासलेत, म्हणून थोडं वेगळं बोलते. वर सगळ्यांनी आठवण्यावर जोर दिलाय, बरोबर आहे, पण घोकंपट्टी करून आठवलेलं पण पेपरात लगेच कळतं आम्हाला. नेफ्रॉनचे भाग ओळीने लिहिलेले असतात, एकही चूक नाही, आणि पुढच्याच ओळीत असं काहीतरी लिहिलेलं असतं की कळतं या मुलाला हे सगळं कशासाठी आहे ते ठाऊकच नाही. तर कागद कोरा घेतलास ना, त्यावर "का" चे प्रश्न पण लिही. आता बघ, मूत्रपिंडात दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास. मग बाकीचं गेलं कुठे? हा एक प्रश्न स्वतःला विचारलास की पीसीटी, म्हणजे नेफ्रॉनच्या नळीचा सुरुवातीचा भाग, का एवढी कामाची ते कळतं, गाळलेल्यातला जवळजवळ दोन तृतीयांश तिथेच परत घेतला जातो. मग पुढचा, ग्लुकोज सगळं परत घेतलं जातं तर मधुमेहात लघवीत साखर कशी येते? कारण परत घेणाऱ्यांची पण एक मर्यादा आहे, त्यापेक्षा जास्त आली की सांडते. आता ही साखळी आहे, एक कडी आठवली की दुसरी ओढत येते. यादी पाठ केली की मधली एक गळली की खालचं सगळं गेलं, तुझ्या चार ओळींचं तेच झालं असणार बघ.

कोणाला तरी शिकव, लहान भाऊ बहीण, मैत्रीण, कोणी नसेल तर भिंत. जिथे तू "म्हणजे ते असं... ते आपलं ते" करायला लागशील तिथे कच्चं आहे.

आणि शेवटच्या दहा-बारा दिवसात जुने पेपर घड्याळ लावून सोडव, पूर्ण, सलग, पुस्तक न बघता. निम्मी मुलं येत असून मार्क घालवतात ती वेळेमुळे. पहिल्या प्रश्नाला पाऊण तास आणि शेवटचे दोन प्रश्न मुद्द्यांत उरकलेले, असे गठ्ठे तपासलेत मी. आणि अर्धवट येत असेल तरी प्रश्न सोडू नका, आकृती काढा, नावं द्या, कोऱ्या पानाला मी इच्छा असून मार्क देऊ शकत नाही.

---

पुस्तक_मिटा

लाल_पेनवाली मॅडम, "का" चा मुद्दा मान्य, माझ्याकडून राहिला होता. पण एक विचारू, समजल्याशिवाय कागदावर उतरवायला बसावं की आधी पूर्ण समजेपर्यंत वाचावं? कारण "आधी नीट समजून घेतो मग आठवून बघतो" म्हणत मी महिना काढलाय एकेकाळी, तो "मग" आलाच नाही कधी

---

लाल_पेनवाली

थांबू नका. एकदा वाचून झालं की लगेच उतरवा, काय समजलं नाही ते उतरवतानाच सापडतं. वाचताना ते लपून बसतं. सर नाही, मॅडम नाही, ताई म्हणा, रिटायर झालेय आता.

---

आकडेमोड

ताई, मग त्या १० मार्कांच्या प्रश्नात चार ओळींना किती दिले असते तुम्ही? 😅

---

लाल_पेनवाली

ओळी मोजत नाही रे मी. आकृती असती तर तीन तरी दिले असते.

---

निळं_हायलायटर

सगळ्यांना थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं होतं, आज १९ दिवसांनी लिहितेय, अजून तेवढेच राहिलेत.

पहिले चार-पाच दिवस फार वाईट गेले खरं सांगते. आधी दिवसाला पंचवीस पानं "व्हायची", आता आठ-नऊ होतात आणि त्यातही अर्धा कागद लाल. दोनदा सगळं सोडून परत हायलायटर हातात घेतला, छान वाटलं वीस मिनिटं, मग पुस्तक मिटून बघितलं तर परत तेच. मग तो हायलायटर खरंच बहिणीला देऊन टाकला. साधारण आठव्या दिवशी पहिल्यांदा असं झालं की नेफ्रॉनचा कागद काढला तर लाल फक्त दोन ठिकाणी होतं. ते १८० लिटरवालं तर आता झोपेत विचारा. बहिणीला शिकवताना तिने विचारलं "एवढं गाळून परत घ्यायचं तर गाळायचं कशाला" आणि मला उत्तर येईना, मग शोधलं, घाण एकेक निवडून काढण्यापेक्षा रक्तातलं सगळं छोटं छोटं बाहेर टाकून फक्त लागेल ते परत उचलणं सोपं पडतं असं काहीसं आहे. पुस्तकात हे मी तीन वेळा वाचलेलं आणि निळं पण केलेलं निघालं!!

कार्डं ७० च केली, डबा_नंबर_पाच यांचं ऐकून, साध्या पेनाने. स्टॅट्सच्या चिठ्ठ्या सुरू आहेत, तिथे अजून बोंब आहे, काल तीसपैकी अकरा टेस्ट चुकीच्या निवडल्या, पण आकडेमोड दादा म्हणाले तसं सुरुवातीला जाम चुका झाल्या, पहिल्या आठवड्याला एकोणीस चुकत होत्या म्हणजे होतंय काहीतरी. रविवारी पहिला जुना पेपर घड्याळ लावून सोडवला, शेवटचा प्रश्न राहिलाच, वेळ संपला. ताई म्हणाल्या होत्या तसंच पहिल्या प्रश्नाला ४० मिनिटं गेली कारण तो नेमका मला येत होता 🙈

एक प्रश्न मात्र आहे. ज्या चॅप्टरचा कागद सलग तीन वेळा स्वच्छ आला तो आता परीक्षेपर्यंत सोडून दिला तर चालेल का? अजून सहा चॅप्टर उघडलेच नाहीयेत म्हणून विचारतेय.

---

डबा_नंबर_पाच

सोड, पण पूर्ण नको. दहा-एक दिवसांनी एकदा कोरा कागद, पंधरा मिनिटं, बास. स्वच्छ आला तर परत थेट परीक्षेच्या दोन दिवस आधी. उरलेला वेळ त्या सहा चॅप्टरना दे.

---

उद्यापासून_नक्की

मी आज एक पान केलं. कागदावर तीन ओळी आल्या. तारीख धरून चार